रक्ताचं वय

अंधाऱ्या खोलीत पंचवीस वेळा दाखवलेला लाल, हिरवा किंवा पांढरा दिवा गौरेश तारीनं पंचवीसही वेळा बरोबर ओळखला. कानांची तपासणी झाली. ट्रेडमिलवर बारा मिनिटं पळून झाल्यावरही त्याला फारशी धाप लागली नव्हती. त्याचं वय पस्तीस होतं आणि त्यातली तेरा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली होती. दर दोन वर्षांनी बेलापूरच्या या वैद्यकीय केंद्रात यायचं, ‘समुद्रावरील कामास योग्य’ असा शिक्का घ्यायचा आणि बॅग भरायची, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. यावेळी बॅग आधीच भरून ठेवली होती. नवं, अमोनियावर चालणारं जहाज सिंगापूरला थांबलं होतं आणि गौरेश त्यावर पहिल्यांदाच चीफ इंजिनियर म्हणून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर इनामदारांनी त्याला परत बोलावलं. साठी उलटलेले इनामदार तरुणपणी स्वतः प्रवासी जहाजांवर डॉक्टर होते आणि खलाशांशी सहसा मोकळेपणानं बोलत. आज मात्र त्यांनी दार लावून घेतलं.

“तारी, एक सरळ प्रश्न विचारतो. काल रक्त द्यायला तुम्हीच आला होतात ना?”

“म्हणजे?”

“हे रक्त बाईचं आहे.”

गौरेशला आधी हसू आलं. नळीची अदलाबदल झाली असेल, असं तो म्हणाला. इनामदारांनाही तसंच वाटत होतं. किंवा त्याहून वाईट काहीतरी, कारण तपासणीला दुसऱ्याच माणसाला पाठवणारे लोकही त्यांनी पाहिले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा रक्त काढलं आणि नळीवर गौरेशचा अंगठा घेतला. तासाभरानं तेच उत्तर आलं. मग त्यांनी त्याचे चार केस मुळापासून उपटून तपासायला लावले. केस पुरुषाचे निघाले.

“केस तुमचे आहेत,” इनामदार म्हणाले, “आणि रक्त तुमच्या सख्ख्या बहिणीचं. यंत्र नातंही सांगतं. तुम्हाला बहीण आहे?”

“आहे. थोरली.”

“लहानपणी तुमच्यावर कसले उपचार झाले होते?”

“कावीळ झाली होती. चार वर्षांचा होतो. मुंबईला नेलं होतं म्हणे.”

इनामदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कावीळ नव्हती ती, तारी.”

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. खलाशी त्याला ‘पंचांग’ म्हणायचे. लांब पल्ल्याच्या जहाजांसाठी ही तपासणी गेल्या वर्षी, म्हणजे गौरेशच्या मागच्या खेपेनंतर, सक्तीची झाली होती आणि तिच्यामागचं कारण साधं होतं. जमिनीपासून बारा दिवसांच्या अंतरावर कुणाच्या छातीत कळ आली, तर त्याला वाचवायला कुणी पोहोचू शकत नाही.

आपल्या हाडांच्या मज्जेत रक्त तयार करणाऱ्या हजारो मूळपेशी असतात. प्रत्येक मूळपेशीचं जणू एक घराणं असतं आणि रक्तातली प्रत्येक पेशी कुठल्या ना कुठल्या घराण्यातली असते. तरुणपणी या घराण्यांचे वाटे जवळपास सारखे असतात. वय वाढतं तसा एखाद्या मूळपेशीच्या जनुकात बिघाड होतो आणि तिचंच घराणं इतरांना मागं सारून फोफावतं. माणसाला याचा पत्ताही लागत नाही. पण त्या घराण्याच्या पेशी रक्तवाहिन्यांना आतून सुजवतात, हृदयविकाराची शक्यता वाढवतात, आणि शंभरातल्या एखाद्याला पुढं कधीतरी रक्ताचा कर्करोग होतो. पंचांग ही घराणी मोजायचं. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या रक्तात बिघडलेल्या घराण्याचा वाटा चार टक्क्यांहून जास्त नको आणि चाळिशीनंतर आठ टक्क्यांहून जास्त नको, असा नियम होता.

गौरेशच्या रक्तात तो सहा टक्के होता.

“तुमचं वय पस्तीस. म्हणजे तुम्ही अपात्र,” इनामदार म्हणाले. “पण हे रक्त तुमच्या बहिणीच्या मज्जेतून आलंय. तिचं वय किती?”

“बेचाळीस.”

“मग रक्ताचं वयही बेचाळीस. त्या हिशेबानं तुम्ही पात्र आहात. केसांचा निकाल येताच मी वर, मुख्य कार्यालयाला, तातडीचं पत्र पाठवलं होतं, की अशा वेळी कुणाचं वय धरायचं. उत्तर आलंय, ‘नमुना ज्याचा, त्याचे वय धरावे.’” त्यांनी कागद पुढं सरकवला. “आता नमुना कुणाचा, ते तुम्हीच मला सांगा.”

गौरेशनं कागद दोनदा वाचला. मग तो तसाच परत सरकवला.

संध्याकाळी पनवेलच्या घरी त्यानं बायकोला, ऋजुताला, सगळं सांगायचा प्रयत्न केला. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं.

“म्हणजे तू आजारी आहेस का?”

“नाही. बहुतेक नाही.”

“मग बरा आहेस?”

“तेही लिहून द्यायला कुणी तयार नाही.”

“आणि ताईंना हे माहीत आहे?”

ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याची थोरली बहीण दर्शना गेली कित्येक वर्षं त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. भांडण कधी झालं नव्हतं. राखी पोस्टानं यायची, पण सोबत चार ओळी नसायच्या. घरच्यांनी आपल्याला सागरी कॉलेजात घातलं आणि तिला जवळच्या कॉलेजातून पदवी घ्यायला लावली, याचा तिला राग असणार, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

दोन दिवसांनी तो कोकणात निवतीला आईकडे गेला. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई पडवीत बसून कोलंबी सोलत होती.

“जेवलंस काय?” तिनं विचारलं.

“आई, माझ्या अंगात ताईचं रक्त आहे?”

आईचे हात थांबले. तिनं कोलंबीची परात बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि मग बराच वेळ पुसतच राहिली.

“तुका कोणी सांगल्यान?”

“यंत्रानं.”

तिला ते कळलं नाही, पण आता नाही म्हणून उपयोग नाही, एवढं मात्र कळलं. तिनं तुटक तुटक सांगितलं. चौथ्या वर्षी गौरेशच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलं होतं. दर आठवड्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागायचं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, भावंडाची मज्जा जुळली तर पोर वाचेल. दर्शनाची जुळली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि ती गौरेशला दिली.

“आणि मला कावीळ झाली म्हणून सांगितलंत.”

“तुझ्या बापाशीन सांगल्यान, ह्या कोणाक सांगूचा नाय. पुढं नोकरी कोण देतलो? लग्नाक चेडू कोण देतलो?”

“मी तेरा वर्षं प्रत्येक फॉर्मवर लिहीत आलो, की पूर्वी कसलाही मोठा आजार झालेला नाही. ते सगळं खोटं ठरलं ना.”

“जितो रवलंस, ता काय कमी असा?” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, की एवढं वाचलेलं पोर तक्रार कशाची करतंय. आणि गौरेशलाही ते नीट सांगता येईना. तो चिडला होता, पण कुणावर, हे त्याचं त्याला ठरवता येत नव्हतं.

रात्री जेवताना इनामदारांचा फोन आला. त्यांनी एक वाट शोधली होती. दर्शनाचं रक्त तपासायचं. तिच्यातही त्याच बिघाडाचा वाटा सहाच्या आसपास निघाला, तर एकतीस वर्षं दोन्ही अंगांत तो सारख्याच धिम्या गतीनं वाढला, असं धरता येईल. मग रक्ताचं वय बेचाळीस मानून शिक्का देता येईल. तिच्यात तो नगण्य निघाला, तर गौरेशच्या अंगात तो वेगानं वाढलाय, आणि मग जहाज विसरायचं.

“आणि तिच्यात जास्त निघाला तर?”

“तर तिला ते लवकर कळलेलं बरं,” इनामदार म्हणाले. “खरं तर नोकरीचं काहीही असो, तिला हे कळायलाच हवं. बी एकाच पिशवीतलं आहे, तारी.”

सकाळी गौरेश आंबोली घाट चढून गडहिंग्लजला गेला. दर्शना तिथल्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होती. स्थानकाच्या मधोमध काचेची केबिन, आत माइक, पुढ्यात गाड्यांच्या वेळांचा पडदा. सगळ्या गाड्या आता विजेवर धावत. चालकाशिवाय गाडी चालवायचे प्रयोगही झाले होते. पण फलाटावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना कुणाच्या तरी आवाजात गाडी लागल्याचं ऐकावंच लागे, म्हणून दर्शनाची नोकरी टिकली होती.

त्याला पाहून ती दचकली. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे. तुझ्याशी बोलायचंय.”

“बस. माझी ड्यूटी दोनपर्यंत आहे.” ती त्याच्याशी मालवणी बोलत नसे. स्थानकावर प्रवाशांशी बोलायची तशी घाटावरची मराठी बोलायची.

तो स्टुलावर बसला. कसं सुरू करावं हे त्यानं घाटभर ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. “ताई, तू मला मज्जा दिलीस, ते मला परवा-परवा कळलं.”

दर्शनानं माइकचं बटण दाबलं. “आजरामार्गे सावंतवाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.” बटण सोडून ती त्याच्याकडे वळली. “परवा?”

“हो. वैद्यकीय तपासणीत.”

“खोटं बोलू नकोस.”

“आईची शपथ.”

बाहेर एक माणूस काचेवर टकटक करून कोल्हापूरच्या गाडीचं विचारत होता. तिनं हातानंच त्याला फलाट दाखवला.

“बाबा म्हणाले होते, अठराव्या वर्षी त्याला सांगणार,” ती म्हणाली. “तू कॉलेजात गेलास, पहिली तपासणी झाली, फोटो पाठवलास गणवेशातला. मला वाटलं, आता सांगितलं असेल. मी वाट पाहिली. एक फोन येईल म्हणून. मग वाटलं, विसरला असेल. मग वाटलं, विसरला नाही, त्याला त्याचं काही वाटतच नाही.”

“सतरा वर्षं तुला असं वाटत होतं?”

“मग दुसरं काय वाटणार?”

“तू का नाही सांगितलंस?”

“आईनं सांगितलं होतं, त्याला कळलं तर रक्ताचं परत पाणी होईल. अकरा वर्षांची होते मी, मला खरं वाटलं. मोठी झाल्यावर खोटं आहे हे कळलं, पण तोवर न बोलायची सवय लागली होती.” तिनं पडद्यावरची एक वेळ पुढं सरकवली. “मला राणीचा बाग दाखवायला मुंबईला नेतो म्हणाले होते. बाग काही दाखवला नाही. शुद्धीवर आले तेव्हा कमरेत एवढं दुखत होतं, की मला वाटलं, माझं काहीतरी काढून घेतलंय आणि ते आता मला परत मिळणार नाही.”

गौरेशनं मान खाली घातली. जे सांगायला आला होता ते अजून राहिलंच होतं. पुन्हा हिच्याचकडे रक्त मागायचं, आणि तेही आज, याची त्याला लाज वाटली. तरी त्यानं सांगितलं. सहा टक्के, चार टक्के, आठ टक्के, वरून आलेलं पत्र. तिच्या रक्तातही तेच असू शकतं, हेही सांगितलं.

दर्शनानं सगळं शांतपणे ऐकलं. “तू हे माझ्यासाठी सांगतोयस की नोकरीसाठी?”

खोटं बोलणं सोपं होतं. “मला नाही सांगता येत, ताई,” तो म्हणाला. “घाट चढताना मी मनात म्हणत होतो, तुझेही सहाच निघू देत. त्यात तुझी काळजी किती आणि जहाज किती, मला खरंच कळत नाही.”

“विचार करते,” ती म्हणाली आणि माइककडे वळली. तो तासभर फलाटावरच्या बाकावर बसून होता. आतून तिचा आवाज येत होता, एका सुरात, गाड्यांची नावं घेणारा. दोन वाजता ड्यूटी संपल्यावर ती बाहेर आली, पण त्याच्याकडे न येता दुसऱ्या बाजूनं घरी निघून गेली.

नऊ दिवस काहीच कळलं नाही. कंपनीचे लोक रोज विचारत होते. सिंगापूरचं जहाज आणखी दोन आठवडे थांबणार होतं, त्यानंतर दुसरा चीफ जाणार होता. गौरेश घरात बसून स्वतःच्या हाताच्या शिरा पाहत राही. दाढी करताना एकदा हनुवटीला कापलं, तर तो कापूस न लावता आरशात त्या थेंबाकडे बघत उभा राहिला. ऋजुतानं कापूस आणून दिला. मी मी आहे, असं तो मनात म्हणायचा, पण मग इनामदारांचा तो कागद आठवायचा.

दहाव्या दिवशी इनामदारांचा फोन आला. “तुमच्या भगिनी इथं आल्यात. एकट्याच. रक्त दिलंय. अहवाल आधी फक्त त्यांना दाखवायचा, तुम्हाला सांगायचं की नाही ते त्या ठरवतील, अशी त्यांची अट आहे. मी मान्य केली. ती योग्यच आहे.”

गौरेश पोहोचला तेव्हा दर्शना इनामदारांच्या खोलीत होती. तो बाहेर उभा राहिला. पांढऱ्या गणवेशातले कॅडेट हसत-खिदळत रांगेत उभे होते, त्यांची पहिलीच तपासणी होती. वीस मिनिटांनी दार उघडलं.

“आत ये,” दर्शना म्हणाली. “त्याला सांगा, डॉक्टर.”

इनामदारांनी दोन कागद शेजारी ठेवले. “बिघाड तोच आहे, अक्षरन् अक्षर तोच. तुमच्यात सहा टक्के. यांच्यात शून्य पूर्णांक दोन.”

“म्हणजे?”

“यांच्या हाडांत हजारो घराणी होती, त्यांत हे एक कोपऱ्यात पडून राहिलं. तुमच्याकडे मूठभर पेशी गेल्या आणि सगळं रिकामं अंग त्यांना भरून काढायचं होतं. ज्याला जोर होता ते घराणं पुढं गेलं. दोष यांचा नाही, तुमचाही नाही. यांना कसलाही धोका नाही. तुम्हाला आज काही झालेलं नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासावं लागेल, आणि मी शिक्का देऊ शकत नाही.”

गौरेशनं दर्शनाकडे पाहिलं. ती धोक्याबाहेर आहे हे ऐकताच त्याच्या छातीतून काहीतरी मोकळं झालं होतं, इतकं की पुढचं वाक्य त्याला उशिरा कळलं. आणि ते कळल्यावरही ते मोकळेपण गेलं नाही. तेरा वर्षं संपली होती आणि त्याला नीट वाईटही वाटत नव्हतं. याचं त्याला नवल वाटलं, आणि थोडी भीतीही.

इनामदारांनी कागदावर ‘समुद्रावरील कामास अयोग्य’ असं लिहून सही केली. मागच्या फॉर्मांबद्दल ते म्हणाले, की जे तुम्हाला ठाऊकच नव्हतं ते तुम्ही लपवलं असं कुणी म्हणू शकणार नाही, तसं पत्र मी देईन.

दोघं भावंडं केंद्रासमोरच्या झाडाखाली कट्ट्यावर बसली. दुपारची वेळ होती. कॅडेट एकेक करून बाहेर पडत होते आणि घरी फोन लावत होते.

“तू मरणार आहेस का?” दर्शनानं विचारलं.

“बहुतेक नाही. म्हणजे सगळे मरतात तेव्हा.”

“मग जहाजावर का नाही घेत?”

“तिथं डॉक्टर नसतो म्हणून.”

तिनं फोनवर बोलणाऱ्या एका कॅडेटकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी आले ती तुझ्या नोकरीसाठी नाही. मला बघायचं होतं, तुला दिलं ते चांगलं होतं की नाही.” तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. “आणि ते खराब निघालं.”

“ताई, एकतीस वर्षं चाललंय ते. चार वर्षांचा असताना संपलो असतो.”

गौरेशला वाटलं, आता आभार मानायला हवेत, पण तो शब्द त्याच्या तोंडी येईना. फारच छोटा वाटला. त्याऐवजी त्याला दुसरंच काही आठवलं. ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण खरं की स्वप्न हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

“मला एक काच आठवते,” तो म्हणाला. “मी खाटेवर आहे आणि काचेपलीकडे एक मुलगी. हिरवा झगा, डोक्यावर टोपी, तोंड बांधलेलं. ती चालताना एका बाजूला झुकायची. रोज यायची आणि काचेवर बोट टेकवून उभी राहायची. मला वाटायचं, हे मी कुठल्यातरी सिनेमात पाहिलंय.”

दर्शनानं त्याच्याकडे वळून पाहिलं. “तुका ता आठवता?” ती म्हणाली. मालवणीत.

“तूच होतीस?”

“नर्स ओरडायची, चलू नको म्हणून. तरी मी रोज जायचंय. माका बघूचा होता, माझा रक्त तुझ्यात चलता की नाय.” तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “एका दिवशी तू माका बघून हसलंस. मगे मी गेलंय नाय.”

गौरेशनं तिच्या कमरेकडे पाहिलं. ती बसतानाही किंचित डाव्या अंगाला कलून बसली होती, आणि आपली बहीण अशीच बसते, एवढंच त्याला आजवर माहीत होतं.

“ताई,” त्यानं विचारलं, “अजून दुखता?”

“थंडीत,” ती म्हणाली. “थंडीत दुखता.”